समासातील ढाली

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

माझा गुडघा ठीक आहे, गोळ्या चालू आहेत. लिहायचे आहे ते श्रूझबरीच्या हस्तलिखिताविषयी, कारण ही काळजी तुझ्याखेरीज कोणाला समजणार नाही.

आंजूची मार्गारेट १४४५ मध्ये इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीची राणी झाली, तेव्हा श्रूझबरीचा अर्ल जॉन टॅलबट याने रूआँमध्ये तयार करवून घेतलेले हे हस्तलिखित तिला भेट दिले. त्यातील सुरुवातीची समोरासमोरची दोन पाने मी लेखासाठी दिली होती. मांडणी करणाऱ्यांनी कालच कळवले की, कडेची नक्षी छाटून मधली आकृती मोठी करू. नक्षी! लिलीच्या फुलाच्या आकारात मांडलेली ती वंशावळ सांगते की, हेन्री आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी फ्रान्सचा राजा संत लुई याचा वंशज आहे. भोवतीच्या ढाली त्याच दाव्याची ग्वाही देतात. फ्रान्सची लिली आणि इंग्लंडचे सिंह एका ढालीवर चार भागांत मांडण्याची चाल तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये पाडली, ती फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगण्यासाठीच. मार्गारेटच्या हाती हे हस्तलिखित आले तेव्हा पॅरिस इंग्रजांच्या हातून जाऊन नऊ वर्षे झाली होती. भूमी निसटत असताना चित्रकार तो हक्क सोन्यानिळ्यात रंगवत होता, हे मला फार हृदयद्रावक वाटते. इंग्लंडच्या राजचिन्हातून ती फुले १८०१ मध्ये गेली, एवढा तो हट्ट चिवट होता.

जोशींच्या गच्चीवर तू रात्रभर भांडला होतास की, ढाल म्हणजे केवळ मालकीचा शिक्का. मग सेंट ऑल्बन्सच्या मठातला इतिहासकार भिक्षू मॅथ्यू पॅरिस राजाच्या मृत्यूची नोंद करताना समासात त्याची ढाल उलटी का काढतो? शिक्का कोणी शोक म्हणून उलटा मारत नाही. शिवाय हेन्रीच्या वतीने फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या बेडफर्डच्या ड्यूकने अशीच दुहेरी वंशावळ काव्यासह पॅरिसच्या नोत्र दाममध्ये टांगवली होती. रँसच्या एका धर्माधिकाऱ्याने ती खराब केली, तेव्हा त्याला दोन नव्या प्रती करून देण्याची शिक्षा झाली. त्या काळच्या माणसांना तिचा अर्थ पुरेपूर कळत होता, म्हणूनच तिच्यावर हात पडला.

टॅलबटच्या घराण्याचे चिन्ह असलेला पांढरा शिकारी कुत्रा मात्र मांडणी करणाऱ्यांना ठेवायचा आहे, कारण हस्तलिखित भेट देण्याच्या चित्रातच तो टॅलबटच्या मागे उभा आहे. इतका शिस्तीत, की तुझा मोत्या तसा असता तर दिघे सरांची धोतरे वाचली असती.

आता अडचण अशी की, छाटलेल्या पानांसह लेख जाऊ द्यावा तर वाचकाला अर्धेच विधान दिसणार, आणि काढून घ्यावा तर तेही दिसणार नाही. माझा कल काढून घेण्याकडे आहे. संपादकांना अखेरचे पत्र लिहिण्यापूर्वी तुझे मत हवे आहे, आणि या वेळी तू भांडलास तरी चालेल.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिमूचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार सांग. उत्तर शुक्रवारच्या आत यावे, कारण शनिवारी पाने छपाईला जाणार आहेत.

तुझा,
विनायक