फवारणीआधी डबक्यात एकदा बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डबकी बुजवा, औषध मारा हेच चालू होतं, पण त्याच पाण्यात चतुर आणि बेडूक दोघंही वाढतात हे कुणी बोलतच नाही. वेताळ टेकडीवर खाणीच्या पाण्यापाशी मी दरवर्षी बघत बसतो. एक कीटक, एक उभयचर, पण बालपण दोघांचं पाण्यातच, आणि चतुराचं पिल्लू इतकं शिकारी की खालचा जबडा झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या धरतं, बेडकाची पिल्लंसुद्धा सोडत नाही, ती बिचारी बहुतेक वेळ शेवाळ खरवडत असतात. मोठा झाल्यावर मात्र तोच बेडूक चतुराला गट्टम करतो! चतुराला कोष नसतो, काडीवर चढून कात फाडून थेट पंखांसकट बाहेर येतो, बेडकाची शेपटी हळूहळू अंगातच जिरते.

बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे औषधाचं विष त्याच्या अंगात सहज शिरतं. 1987 मध्ये आपल्या देशाने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली होती. प्लीज, फवारणीआधी पाण्यात पिल्लं आहेत का तेवढं बघत जा.

– एक वाचक, पाषाण, पुणे