ड्रोनच्या परवानगीचा अर्ज नेमका द्यायचा कुठे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या बागांच्या गेटवर हल्ली एक नवीन बोर्ड दिसतो, 'विनापरवानगी ड्रोन उडवण्यास सक्त मनाई'. आता विनापरवानगी मनाई म्हणजे परवानगी काढून उडवता येतं असाच कोणीही अर्थ घेणार ना? मीपण तोच घेतला आणि रीतसर परवानगी काढायला गेलो. बागेच्या ऑफिसात म्हणाले इथे नाही होत, हेड ऑफिसला जा. हेड ऑफिसला म्हणाले पोलिसांची एनओसी आणा, आणि पोलिस चौकीत साहेब म्हणाले की अहो बाग त्यांची, आधी त्यांचं पत्र आणा मग बघू. अर्जाचा नमुना कुठेच नाही, फी किती ते कोणाला माहीत नाही, 'नाही' असं लेखी द्यायलाही कोणी तयार नाही. म्हणजे बोर्ड आहे पण परवानगी देणारा माणूसच नाही.

मी स्वतः एक छोटा ड्रोन बाळगून आहे आणि त्याच बागेत रोज चालायलाही जातो, त्यामुळे दोन्हीकडचा वैताग मला ठाऊक आहे. मध्ये एक पोरगा लहान मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर अगदी डोक्याच्या उंचीच्या जरा वर ड्रोन थांबवून शूट करत होता. एका बाईंनी आपल्या मुलीला उचलून बाजूला नेलं, सिक्युरिटीवाले काका शिट्टी मारत धावत आले, तर हा पठ्ठ्या मोबाईल पुढे करून दाखवतोय की काका बघा, मॅपवर ग्रीन झोन आहे, इथे परमिशन लागतच नाही. काकांना बिचाऱ्यांना काय उत्तर द्यावं कळेना, कारण त्यांच्या हातात शिट्टीशिवाय काहीच नव्हतं.

गंमत म्हणजे तो मॅपबद्दल खोटं बोलत नव्हता. ड्रोन नियम 2021 प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर ग्रीन झोन असेल तर 400 फुटांपर्यंत उडवायला विमान खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट होते, त्याच्या आत गेलात की एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) विचारावं लागतं आणि रेड झोनमध्ये थेट केंद्र सरकारला. पण हा सगळा नकाशा विमानांचा विचार करून केलाय हो, झोपाळ्यांचा आणि घसरगुंडीचा नाही. आकाश हिरवं आहे म्हणून खालच्या जमिनीवरून टेक-ऑफ करायचा हक्क आपोआप मिळतो असं थोडंच आहे, बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तिथे काय चालेल काय नाही हे ठरवायचंय. वर पोलिस आयुक्तांचा मनाई आदेश निघालेला असला तर मग हिरवा नकाशा दाखवून काही उपयोग नाही. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आकाशाचा, जमिनीचा आणि बंदोबस्ताचा, आणि गेटवरच्या त्या एका ओळीत तिघांचं भरीत झालंय.

वजनाचं तर अजूनच मजेशीर आहे. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, म्हणून कंपन्या मुद्दाम 249 ग्रॅमचे ड्रोन काढतात. आता बागेत माणसं असतात म्हणून तुम्ही शहाण्यासारखे पंख्यांना प्रॉप गार्ड (पात्यांभोवतीची संरक्षक कडी) लावले तर वजन 250 च्या वर जातं आणि तुमचा नॅनो बसल्याजागी मायक्रो होतो, थर्ड पार्टी इन्शुरन्ससकट सगळं आलं! नॅनोला हा इन्शुरन्स सक्तीचा नाही. म्हणजे जो काळजी घेतो त्याच्यामागे जास्त कागद. बागेच्या नियमात निदान एवढं तरी लिहा की गार्डशिवाय उडवायचं नाही, वजन काय व्हायचं ते होऊ दे.

आणि बाग ही काही मोकळं मैदान नसते हे उडवणाऱ्यांनीपण समजून घ्यायला हवं (आमच्यातलेच बरेच जण घेत नाहीत). बॅटरी संपत आली किंवा सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप 'रिटर्न टू होम' करतो, म्हणजे आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग निघालेल्या जागेवर येऊन सरळ खाली उतरतो. तुम्ही झाडाखालून टेक-ऑफ केलं असेल तर चढताना नाहीतर उतरताना फांदीत अडकणार हे नक्की, आणि स्वस्तातल्या मॉडेलना वरच्या बाजूला सेन्सर नसतो, बारीक डहाळी तर भल्याभल्यांना दिसत नाही. दाट झाडीखाली जीपीएसपण नीट पकडत नाही, मग तो एका जागी न थांबता वाहत जातो. ट्रॅकवर आजीआजोबा चालतायत आणि वरून पावकिलोची वस्तू फिरत्या पात्यांसकट खाली येतेय, हे कोणाला परवडणार? शिवाय घारीचं घरटं जवळ असलं तर ती ड्रोनवर झडप घालते, त्यात तिचा पंख कापला जाऊ शकतो. त्यामुळे विणीच्या हंगामात त्या भागात पूर्ण बंदी ठेवायला माझी काहीच हरकत नाही.

लोकांचा खरा राग मात्र कॅमेऱ्याचा आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदा घ्या, एखाद्याने स्वतःच्या खाजगी वापरापुरतं काही केलं तर तो कायदा त्याला लागूच होत नाही, म्हणजे हौशी माणसाने कोणाच्या पोराचा व्हिडिओ काढून स्वतःकडे ठेवला तर तिथे दाद मागता येत नाही. ही फट बागेच्या नियमानेच बुजवावी लागेल. खेळण्यांची जागा, योगाचा कट्टा, ओपन जिम, यांच्या डोक्यावर यायचं नाही, एवढं साधं लिहायला कोणी अडवलंय?

लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये सरसकट बंदी आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी 2014 पासून टेक-ऑफ-लँडिंग दोन्ही बंद केलंय. मला पटो न पटो, तिथे 'नाही' म्हणजे नाही हे तरी कळतं. उलट न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून पोलिस खातंच परमिट देतं, किमान 30 दिवस आधी अर्ज करायचा, फी भरायची, आणि शिवाय छोटी मॉडेल विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी काही पार्कांत वेगळी मैदानं राखून ठेवलीयत. त्या परमिटवर तिथले लोकपण कुरकुर करतात, महाग आहे किचकट आहे म्हणून, पण अर्ज कोणाकडे द्यायचा हे तरी माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक बागेत ड्रोन हवाच असं नाही. छोट्या बागा बंदच ठेवा. पण शहरात एखाददोन मोठ्या बागा अशा असतात जिथे एका टोकाला मोकळं गवत असतं, झाडं लांब, ट्रॅक लांब, तिथे दोरी लावून जागा आखा, सकाळची गर्दी ओसरल्यावरची वेळ द्या, परवानगी एकाच खिडकीवर द्या आणि पोलिसांना त्याची प्रत त्या खिडकीनेच पाठवावी, आम्ही फायली घेऊन पळायची गरज नाही. व्यावसायिक शूटिंगवाल्यांसाठी फी वेगळी ठेवा, आत्ता ते ओळखीवर आत येतात आणि हौशी माणूस गेटवर अडकतो. आणि त्या सिक्युरिटीवाल्या काकांना एक छापील पान द्या, परवाना कसा दिसतो आणि नसेल तर कोणाला फोन करायचा एवढं लिहिलेलं. हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत बोर्डावरचा 'विनापरवानगी' शब्द तरी खोडून टाका, निदान हेलपाटे वाचतील.

आपला,
ड्रोन घरी ठेवून बागेत चालायला येणारा एक वाचक