रस्ता चढला, जोते बुडाले

मा. संपादक,
स. न.

मोठा पाऊस झाला की मुंबईत नालेसफाईची चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यातला बराचसा काही तासांतच. शहराच्या पर्जन्यवाहिन्यांची सुधारित क्षमता मात्र तासाला ५० मिमी धरलेली, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. अरबी समुद्र तापत असल्याने थोड्या वेळात धो-धो कोसळणारा पाऊस वाढतो आहे. तेव्हा पाणी तुंबणार हे धरूनच इमारत तयार ठेवावी लागेल.

जुन्या सोसायट्यांचे मोठे दुखणे म्हणजे रस्त्याची उंची. थरावर थर चढून रस्ता वर गेला आणि अंगण खड्ड्यात राहिले. गवंड्याच्या लेव्हल पाइपने (उंची ताडायच्या, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) अर्ध्या तासात तीन मापे घ्या: रस्त्याचा मध्य, जमिनीखालच्या सक्शन टाकीचे झाकण आणि सर्वांत खालचा विजेचा मीटर. मग भिंतीवरची जुन्या पाण्याची रेघ त्यांच्याशी ताडून बघा.

टाकीचे तोंड त्या रेघेच्या किमान फूटभर वर हवे. त्यासाठी तोंडाभोवती आरसीसीचा कठडा ओतून वर रबरी पट्टीचे घट्ट झाकण बसवावे. इथे हमखास एक चूक होते. झाकण वर जाते, पण ओव्हरफ्लो आणि हवेचा पाइप जमिनीलगतच राहतात आणि गटाराचे पाणी त्यांतून आत येते. तेही कठड्याइतके वर न्यावेत, तोंडाला जाळी लावावी. पंपाचा स्टार्टर आणि मीटर वर नेणे वीज कंपनीची परवानगी घेऊन, परवानाधारक ठेकेदाराकडूनच करावे. लिफ्ट पाऊस ओसरेपर्यंत वरच्या मजल्यावर बंद ठेवावी. काही लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन थांबतात, ती सोय आधी बंद करून घ्यावी.

फाटकाला खाचेत बसणाऱ्या फळ्या लावणे सोपे वाटते. पण बाहेर दोन फूट पाणी साचले की फळीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १८० किलोंचा रेटा येतो, तोच जुन्या विटांच्या कुंपणभिंतीवरही. भिंत तपासल्याशिवाय फळ्या लावू नयेत. शिवाय सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटे आत न येऊ देणारी झडप) नसेल, तर पाणी तळमजल्याच्या मोरीतून वर येते. व्हॉल्व्ह मिटल्यावर घरांतले सांडपाणीही अडते, म्हणून तेवढा वेळ वरच्या मजल्यांनी पाणी वापरू नये. आणि आत पडलेला पाऊस? गच्ची आणि अंगण मिळून ७०० चौ. मी. असेल, तर ५० मिमी पावसाचे ३५,००० लिटर होतात. तेवढे तासाभरात उपसणारा पंप आणि त्याला डिझेलची सोय हवी, कारण नेमकी त्याच वेळी वीज जाते.

टाकीत पाणी शिरलेच तर ती रिकामी करून घासावी. मग १०,००० लिटर पाण्याला २५ टक्के क्लोरीनची दोन किलो ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवावे आणि ते पाणी ओतून द्यावे. ते पिऊ नये.

महापालिकेला एकच विनंती. रस्त्याचे काँक्रीटीकरण करण्यापूर्वी प्रत्येक फाटकापाशी रस्त्याची अंतिम उंची लेखी कळवावी आणि जुना थर खोदून काढल्याखेरीज नवा ओतू नये.

— एक स्थापत्य अभियंता, परळ, मुंबई