आईच्या डायलिसिसची घडी बसवून देणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

आईचे पोटाचे डायलिसिस, म्हणजे नळीतून पोटात द्रावण भरून ते काही तासांनी बाहेर काढत रक्त शुद्ध करणे, घरीच करायचे ठरले, तेव्हा आम्हा सर्वांना धास्ती होती ती जंतुसंसर्गाची. तासगाव तालुक्यातील आमचे घर द्राक्षबागेला लागून, दारातच गोठा. तिथे दवाखान्यासारखी स्वच्छता कशी राहणार, असे पाहुणेही विचारत होते. आपण सांगलीहून येऊन घर पाहिलेत, मागची कोरडी खोली निवडून दिलीत आणि जंतू बहुतेक वेळा नळी जोडताना बोटांवरूनच आत शिरतात, हे समजावलेत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आजही त्या खोलीत पंखा बंद करून, दार लावून, मास्क बांधूनच बॅग बदलली जाते. हात साबणाने धुण्याइतकेच ते कोरडे करणे महत्त्वाचे, कारण ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात, हे आपण बिंबवलेत. पोटात भरण्याआधी थोडे ताजे द्रावण निचऱ्याच्या बॅगेत का सोडायचे, तेही आईला तिच्या भाषेत सांगितलेत. जोडताना शिरलेले जंतू त्याबरोबर वाहून जातात, हे ती आता शेजारणींनाही सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी निचऱ्याचे पाणी गढूळ आले. एरवी बॅगेखालच्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येतात, त्या दिवशी मथळाही दिसेना. ताप नव्हता, पोटही फारसे दुखत नव्हते, म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहावी असे घरात चालले होते. आपण फोनवरूनच तातडीने निघायला लावलेत आणि ती बॅग सोबत आणायला सांगितलीत. अशा पाण्यात मायक्रोलिटरमागे १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग, धरून उपचार करतात. आईच्या तपासणीत तसेच निघाले. कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीच्या) अहवालासाठी न थांबता द्रावणातूनच अँटिबायोटिक सुरू झाले आणि पोटात बसवलेली नळी (कॅथेटर) काढावी लागली नाही.

त्या वेळी चूक कोणाची, असे आपण एका शब्दानेही विचारले नाहीत. आईला समोर बसवून बॅग बदलण्याची प्रत्येक पायरी पुन्हा करून घेतलीत. बोल लागेल या भीतीने गढूळ पाणी लपवले जाते आणि उपचाराला उशीर होतो. आईला ती भीती आपल्यामुळे कधीच वाटली नाही. नळीभोवती जरा लाली दिसली तरी ती स्वतःहून आपल्याला फोन लावते, याचे सारे श्रेय आपले आहे.

आपला कृतज्ञ,
तासगाव तालुक्यातील एका रुग्णाचा मुलगा