आई-बाबा, भुंग्याला उन्हात नेऊ नका

पुणे, 10 एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आपला कुत्रा भुंग्या हल्ली दुपारभर धापा टाकतो आणि फिरायला निघताना फाटकाशीच बसकण मारतो, असे बाबा फोनवर म्हणाले, तेव्हापासून मला चैन नाही. अजून एप्रिलच चालू आहे. नागपूरचा पारा 45 च्या पुढे जायचे दिवस आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, यायचेच आहेत. फोनवर सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच येतो. माठातले पाणी जसे बाहेर झिरपून आणि त्याची वाफ होऊन गार होते, तसा कुत्रा जिभेवरचा आणि नाकातोंडातला ओलावा धापेने उडवून स्वतःला थंड करतो, आणि त्याच्याजवळ दुसरा मोठा उपाय नाही. भुंग्या पडला पग जातीचा. त्याचे नाक चपटे, श्वासाची वाट अरुंद, त्यात वय झालेले आणि वजनही वाढलेले, त्यामुळे त्याची धाप पुरी पडत नाही आणि धापा टाकण्याच्या श्रमानेच त्याचे अंग आणखी तापते. तो फाटकाशी बसतो तो हट्ट म्हणून नव्हे, त्याला झेपत नाही म्हणून. बाबांनी कृपा करून त्याला साखळीने ओढू नये.

बाबा वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नऊच्या सुमारास त्याला घेऊन निघतात, ती वेळ जूनचा पाऊस येईपर्यंत बदलायलाच हवी. पहाटे साडेपाचला निघून सहापर्यंत परत या. तुमच्या दोघांच्या तब्येतीलाही तेच बरे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबरी रस्ता बराच वेळ तापलेला असतो. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात सेकंद ठेववली नाही तर त्याचे पंजेही पोळणार, हे नक्की समजा. एखाद्या दिवशी फेरी चुकली तर अंगणात रात्री आठनंतर चार पावले चालवले तरी पुरे.

दुपारी त्याला मागच्या पत्र्याच्या पडवीत बांधू नका, मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर मोकळा राहू द्या. कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद राहिली की हवा दमट होते आणि दमट हवेत जिभेवरचा ओलावा उडत नाही, मग कूलर चालू असूनही तो कासावीस होतो. पाण्यासाठी स्टीलच्या भांड्याऐवजी मातीचे परळ ठेवा आणि दिवसातून चारपाच वेळा पाणी बदला. बाजारात नेताना गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे ठेवू नका, काच खाली केलेली असली तरी नाही. आणि आई, आंबा खाऊन झाला की कोय त्याला चघळायला देऊ नकोस. ती गिळली तर आतड्यात अडकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. धाप थांबतच नाही, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या गडद लाल दिसत आहेत, तोल जातो आहे किंवा उलटी होते आहे, यांपैकी काही दिसले तर त्याला ऊन लागले असे समजा आणि वाट पाहू नका. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. ते 106 च्या आसपास गेले की आतले अवयव निकामी होऊ लागतात. त्याला सावलीत घेऊन लगेच अंगावर पाणी ओता, विशेषतः पोट आणि जांघेत, आणि पंखा लावा. वरच्या टाकीचे पाणी दुपारी हात पोळेल इतके तापलेले असते, म्हणून न्हाणीघरात एक बादली रात्रीच भरून ठेवत जा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या, आणि नंतर तो टुणटुणीत दिसला तरी नेल्याशिवाय राहू नका, कारण मूत्रपिंडाची इजा एकदोन दिवसांनी दिसते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो ते बाबांनी एकदा विचारून ठेवावे, आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर फोनशेजारी लिहून ठेवावा.

घरातल्या तापाच्या गोळ्या त्याला देऊ नका. मनीला तर मुळीच नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीच्या जिवावर बेतते. मनी स्वतःच माळ्याखाली गार जागा शोधते, तिची मला फारशी काळजी नाही, पण ती तोंड उघडून धापा टाकताना दिसली तर ताबडतोब डॉक्टरांना फोन करा.

बाबा, उद्यापासूनच पहाटेची वेळ सुरू करा आणि भुंग्या कसा चालला ते मला कळवा. मे महिन्यात मी आठ दिवसांची रजा टाकते आहे, तेव्हा पडवीला हिरवी जाळी लावून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई