आमच्याच जागेतल्या पार्किंगचा दावा : रेडिंगच्या काकूंना एक उघड पत्र

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा ठेवते" म्हणून उठता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तशी तंबीच दिली आहे तुम्ही. पण इंग्लंडातलं आपलं रेडिंगच काय, स्लाव, मिल्टन कीन्स, क्रॉयडन, जिथं जिथं नव्या बांधणीच्या फ्लॅटमध्ये आपली माणसं राहतात तिथं खासगी पार्किंग कंपनीचा पैसे मागणारा कागद गाड्यांच्या काचांवर चिकटतोय आणि बहुतेक जण साठ पौंड भरून गप्प बसतात. तुम्ही माझ्याकडून काय काय करून घेतलंत ते त्यांनी वाचावं, एवढा स्वार्थ यात आहे.

मूळ गोष्ट दोन ओळींची. आमच्या फ्लॅटच्या लीजमध्ये, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात, गाडीची एक जागा आहे. स्टेशन जवळ, त्यामुळं लंडनला जाणारे परके लोक आमच्या आवारात फुकट गाड्या लावून ट्रेन पकडायचे. त्यांना आवर घालायला इमारतीचा कारभार बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटनं एक खासगी पार्किंग कंपनी आणली, ते ठीकच होतं. खांबांवर पाट्या लागल्या, आम्हाला परमिट आलं. एका उकाड्याच्या दिवशी परमिटचं प्लास्टिकचं पाकीट काचेवरून सुटून खाली पालथं पडलं आणि मी रात्रपाळीची झोप काढून खाली येते तो काचेवर तिकिटाची पिवळी पिशवी. परक्यांसाठी आणलेल्या कंपनीनं आमच्याच जागेत, आमच्याच गाडीला शंभर पौंड लावले होते. चौदा दिवसांत भरले तर साठ.

सल्ले देणारे दोन गटांत वाटले गेले. आमचे हे म्हणाले, भरून टाक, डोक्याला ताप नको. वॉर्डातली सहकारी म्हणाली, फाडून टाक, हे लोक काही करत नाहीत. कुणीतरी व्हिसावर परिणाम होतो म्हणून घाबरवलं. मी कंपनीकडं रीतसर हरकत घेतली, ती फेटाळली गेली. वरचं अपीलही फेटाळलं गेलं. मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, लाल अक्षरांत, शंभराचे एकशे सत्तर करून. सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण लाल अक्षर आणि ठळक आकडा कळायला इंग्रजी लागत नाही. "घरातलं सामान उचलायला येणार का गं?" असं त्यांनी विचारलं, त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो तिकिटाबद्दल नव्हता. "लीज कुठंय?"

घरखरेदी-विक्रीच्या वकिलांकडं तुम्ही टायपिस्ट म्हणून लागलात आणि चाळीसेक वर्षं याच गावात लीजचे कागद हाताळून निवृत्त झालात, हे मला माहीत होतं. पण तुमचं लीज वाचणं मी त्या रविवारी पाहिलं. स्क्रीनवर नाही, छापून. मार्करनं नाही, शिसपेन्सिलीनं. आधी सासूबाईंना शेजारी बसवून मराठीत सांगितलंत की हा गुन्हा नाही, सरकारी दंड नाही, कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, तिकीट वेगळं आणि हे वेगळं. ही एका कंपनीची पैशांची मागणी आहे. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्याशिवाय आणि नंतरही पैसे थकल्याशिवाय कुणी दारात येत नाही, आणि पत्र पाठवणाऱ्या वसुली कंपनीला तर उंबरा ओलांडायचा हक्कच नाही. पूर्वी खासगी जागेत चाकाला जॅमर लावून रोख पैसे उकळायचे, ते १ ऑक्टोबर २०१२ पासून कायद्यानंच बंद झालं, हेही त्यांना सांगितलंत. त्या रात्री त्या नीट जेवल्या. यासाठी वेगळे आभार.

मग आमच्या १२५ वर्षांच्या लीजमधलं ते वाक्य सापडलं: प्लॅनवर निळ्या रेषेनं वेढलेली जागा खासगी वाहन उभं करण्यासाठी फक्त फ्लॅटधारकानं वापरण्याचा हक्क. परमिटचं नाव नाही, शुल्काचं नाव नाही. तुमचा मुद्दा तिथंच ठरला. पाटी वाचून गाडी लावली म्हणजे करार झाला, असं कंपनी म्हणते. पण करारात समोरच्यानं काहीतरी द्यावं लागतं. जी जागा लीजनं आधीच माझी, ती ही कंपनी मला नव्यानं काय देणार?

मला तेवढ्यावरच जिंकल्यासारखं वाटलं होतं. तुम्ही मात्र पुढं वाचत राहिलात आणि एका पानावर पेन्सिल टेकवून म्हणालात, "ही ओळ ते दाखवणार." आवाराच्या चांगल्या व्यवस्थेसाठी मॅनेजमेंट कंपनी वाजवी नियम करू शकेल, असं ते कलम होतं. जवळजवळ प्रत्येक लीजमध्ये असतं म्हणे. नियमानं व्यवस्था लावता येते, दिलेला हक्क काढून घेता येत नाही, हे आपलं उत्तर. शिवाय नियम केला असेल तर तो कुणी केला, कधी केला आणि रहिवाशांना लेखी कळवला का, ते त्यांनी दाखवावं. लीजच बदलायचं असेल तर त्याला १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं ३७ वं कलम आहे: मोठ्या इमारतीत किमान ७५ टक्के लोक बाजूनं हवेत, १० टक्क्यांहून जास्त विरोधात नकोत, आणि तरीही शेवटी ट्रायब्युनलकडं जावंच लागतं. एजंटनं खांबावर पाटी ठोकून ते होत नाही. आणि हेही तुम्हीच बजावलंत की लीजमध्ये "परमिट लावूनच" असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर लढाई वेगळी, तिथं हाच मुद्दा घेऊन कोर्टात जाऊ नये. वाचणाऱ्यांनी एवढं तरी नीट लक्षात घ्यावं.

नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टातून क्लेम फॉर्म, म्हणजे दाव्याचा कागद, आला तेव्हा रक्कम अडीचशेच्या वर गेली होती: शंभर मूळ, सत्तर वसुलीचे, ३५ कोर्ट फी, ५० वकिलाचे, वर व्याज. माझं नाव-पत्ता कंपनीला गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी डीव्हीएलएकडून अडीच पौंडांत मिळाला होता, हे कळल्यावर मी अर्धा तास बडबडले. तुम्ही मला बडबडू दिलंत आणि मग पोचपावती ऑनलाइन भरायला लावलीत, कारण चौदा दिवसांत ती दिली की बचाव मांडायला अठ्ठावीस दिवस मिळतात. "फाडून टाक" म्हणणारे इथं फसतात. उत्तर गेलं नाही तर न्यायाधीशानं फाइल न उघडताच निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर सीसीजे (काउंटी कोर्टाचा पैशांचा निकाल) म्हणून सहा वर्षं रेकॉर्डवर राहतो. मॉर्गेज मागायला गेल्यावर मग कळतं.

त्या सत्तर पौंडांचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त राग आला होता. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टचं चौथं परिशिष्ट काढून दाखवलंत की गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. २०१९ च्या पार्किंगविषयक कायद्याखाली सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता काढली होती, तिच्यात असल्या वाढीव रकमांना बंदी होती. पार्किंग कंपन्यांनी तिला कोर्टात आव्हान दिलं आणि जूनमध्ये ती मागं घेतली गेली. हे सांगताना तुम्ही चष्मा काढून टेबलावर जरा जोरातच ठेवलात.

बचावाचा मसुदा मी लिहिला होता तो तीन पानी, त्यात "लूट" हा शब्द किती वेळा होता ते तुम्हीच मोजलंत. सगळे खोडलेत. "त्यांना तुझा राग नाही वाचायचा, तुझं लीज वाचायचंय." स्वतः मात्र एक ओळही लिहून दिली नाहीत. मागं बसून मला क्रमांक घालत परिच्छेद पाडायला लावलेत, भाजी निवडून घ्यावी तसा एकेक शब्द बघितलात. तेव्हा मला ते जाचक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढं कंपनीनं पुराव्यात आमच्याच प्लॅनची काळी-पांढरी प्रत जोडली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्ही एका नजरेत म्हणालात, "निळी रेघ गेली." खरंच, ज्या रेघेवर सगळा दावा उभा तीच त्या प्रतीत राखाडी होऊन इतर रेघांत मिसळली होती. लँड रजिस्ट्रीकडून रंगीत प्रत मागवून विटनेस स्टेटमेंटला, म्हणजे माझ्या लेखी साक्षीला, जोडायला लावलीत. खांबावरच्या पाटीचे फोटोही दुपारचे नकोत, रात्री ड्रायव्हरच्या सीटवरून काढ म्हणालात. त्या फोटोत कंपनीचं बोधचिन्ह तेवढं दिसतं, शंभराचा आकडा नाही.

कंपनीचा सगळा भर बेव्हिस खटल्यावर होता. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कात दोन तास फुकट, त्यापुढं ८५ पौंड. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०१५ ला ते योग्य ठरवलं. पण तो ग्राहक परक्याच्या जागेत, पाटीवरच्या अटींवर आला होता. तुम्ही पुढं केलात तो जॉपसन विरुद्ध होमगार्ड, ऑक्सफर्ड काउंटी कोर्टातला २०१६ चा अपिलाचा निकाल. सामान उतरवायला दाराशी थोडा वेळ थांबलेल्या रहिवासी बाईला लावलेला आकार न्यायाधीश चार्ल्स हॅरिस यांनी रद्द केला, आणि लीजनं दिलेले हक्क अशा पाट्यांनी एकतर्फी बदलता येत नाहीत हेही म्हटलं. तो निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नाही, वजनदार मात्र आहे, हा फरक विटनेस स्टेटमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहायला लावलात. दूधवाल्यानं बाटल्या द्यायला गाडी थांबवली तर त्याला काय पार्किंग म्हणायचं, अशा अर्थाची चर्चा त्या निकालात आहे. तो वाचताना मला पहिल्यांदा या सगळ्यात मजा वाटली.

सुनावणीला तुम्ही माझ्या वतीनं बोलू शकला असता. छोट्या दाव्यांत पक्षकार हजर असेल तर तशी सोय आहे. मी गयावया केली तरी तुम्ही भिंतीशी खुर्ची घेऊन बसलात. एवढंच सांगितलंत की सर-मॅडम नको, नुसतं "जज" म्हण, आणि त्या लिहीत असतील तेव्हा थांब. कंपनीचा तरुण वकील फाइल बहुधा त्याच सकाळी पाहून आला होता. त्यानं अपेक्षेप्रमाणं नियमांचं कलम दाखवलं. जजनी विचारलं, हा नियम कुठल्या ठरावानं केला, रहिवाशांना कधी कळवला? त्याच्याकडं होता तो एजंट आणि पार्किंग कंपनी यांच्यातला करार. मग त्यांनी माझी रंगीत प्रत उचलली आणि निळ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, ही जागा का? मी म्हटलं, होय जज. परमिट पडलं की लावलं होतं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. दावा फेटाळला. बुडालेल्या पगाराचे ९५ पौंड आणि येण्याजाण्याचा खर्च कंपनीवर घातला. बाहेर आल्यावर तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की विटनेस स्टेटमेंटमध्ये एका ठिकाणी पान क्रमांक चुकला होता.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी सांगलीची हळद आणि बेदाणे पाठवलेत, नको म्हणायचं नाही. येत्या रविवारी घेऊन येते. सोबत वरच्या मजल्यावरचा पोलिश शेजारीही येईल, त्यालाही क्लेम फॉर्म आलाय. पोचपावती मी त्याच्याकडून भरून घेतली आहे आणि लीज छापून, प्लॅनची प्रत रंगीत, पेन्सिलसकट आणायला सांगितलंय. त्याला मराठी येत नाही, तेव्हा खोडाखोड करताना जरा दमानं घ्या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सून