माफीला कोर्टात जागा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१८ साली नाशिकच्या द्वारका चौकात टेम्पोची धडक बसून माझा धाकटा भाऊ गेला. खटला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल चालला. या कलमात तडजोड होत नाही, आणि होऊही नये. माणूस मेल्यावर सरकारनेच फिर्यादी व्हावे.

टेम्पोचालक पंचविशीतला पोरगा. तारखेला आम्ही व्हरांड्यात समोरासमोर बसायचो. एकदा तो हात जोडून माझ्याकडे यायला निघाला, तेवढ्यात त्याच्या वकिलांनी दंडाला धरून त्याला मागे ओढले. त्यांचेही बरोबरच होते. साक्षीदाराशी बोलला तर तो दबाव, 'चुकलो' म्हणाला तर ती कबुली! पाच वर्षे तो गप्प राहिला आणि आम्हीही. त्याआधी एक मध्यस्थ मात्र घरी येऊन गेला होता, 'मिटवून टाका, काय ते सांगा' म्हणत. आईने त्याला पाणी दिले आणि वाटेला लावले. तिच्या मुलाची किंमत ठरवायला कोणी आलेले तिला नको होते. तिला त्या पोराच्या तोंडून ऐकायचे होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्यात) कलम ३६० प्रमाणे सरकारी वकिलाने खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकावेच लागते. हा चांगला बदल आहे. मग गुन्हा शाबीत झाल्यावर, शिक्षा ठरण्याआधी का ऐकू नये? त्या वेळी, दोघांचीही तयारी असेल तरच, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थासमोर भेट घडवावी. तिथे बोललेले अपिलात पुरावा धरू नये. शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीशांनीच ठरवावे.

घरातल्या मारहाणीत, बलात्कारात, जातीच्या अत्याचारात 'माफ कर' म्हणून बाईवर, गरिबावर किती दडपण येते ते आपण पाहतोच. तिथे असल्या भेटीचे नावही काढू नये. नकार देणाऱ्याला कारणही विचारू नये.

निकालाला दोन वर्षे होऊन गेली. मी जेल रोडला राहतो, कारागृहाच्या भिंतीवरून रोज जातो. आई अजून विचारते, "त्या दिवशी तो काय बोलणार होता रे?"

आपला,
एक वाचक, नाशिक रोड